आत्याबाईंची विहीर आणि वहिनींचा फर्मा

आमच्या छापखान्यात वहिनींना सगळेच वहिनी म्हणतात. मालक म्हणतात, मालकांचे वडील म्हणायचे, कागद घेऊन येणारा टेम्पोवाला म्हणतो आणि कार्यालयात बसणारा मीही म्हणतो, जरी वयाने मी त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा आहे. याला कारण त्यांचे दीर. ते आमच्याकडे छपाईचं यंत्र चालवतात. एकतीस वर्षांपूर्वी एका सोमवारी ते भावजयीला घेऊन आले आणि थोरल्या मालकांना म्हणाले, "या आमच्या वहिनी. यांचा हात बघा." थोरल्या मालकांनी एक छापील कागद पुढे केला. वहिनींनी तो टेबलावर पसरला, तीन घड्या घातल्या, लाकडी पट्टीने दाबल्या आणि परत दिला. मालकांनी कडा बोटाने तपासल्या. त्या दिवसापासून वहिनी बाइंडिंगला.

बाइंडिंग विभाग मागच्या अंगाला आहे. दोन खिडक्या, एक लांब टेबल, पत्र्याचं कपाट, खळीचा डबा आणि कोपऱ्यात पुस्तकांच्या कडा कापायचं यंत्र. टेबलाभोवती चार बायका. इथलं काम सांगायला सोपं आहे. मोठ्या कागदावर एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ अशी सोळा पानं छापून येतात. त्याला तीन घड्या घातल्या की सोळा पानांची एक जुडी होते, तिला फर्मा म्हणतात. फर्म्यांचे गठ्ठे टेबलावर ओळीने मांडायचे, पहिला, दुसरा, तिसरा असे. मग टेबलाच्या कडेने चालत जायचं आणि प्रत्येक गठ्ठ्यावरचा एकेक फर्मा उचलत जायचं. टेबल संपलं की हातात एक पुस्तक तयार असतं. ते शिवायला जातं.

यात एकच गोष्ट सांभाळायची असते. गठ्ठे मांडताना क्रम चुकला तर एक पुस्तक चुकत नाही, सगळी चुकतात. म्हणून मांडणी एकीने करायची आणि दुसरीने तपासायची असा नियम आहे. वहिनी पहिली काही वर्षं दुसऱ्यांची मांडणी तपासत. पुढे त्याच मांडायला लागल्या आणि त्यांची मांडणी कुणी तपासेनासं झालं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही फर्मा मागेपुढे झाला नव्हता. वहिनींचं काम तपासायचं म्हणजे घड्याळाला वेळ विचारून वर पुन्हा शेजाऱ्याला विचारण्यासारखं, असं टेबलावरची मावशी म्हणायची. मावशी म्हणजे चौघींमधली सगळ्यात वयस्कर. जाड भिंगाचा चष्मा आणि जिभेला धार.

वहिनींना वाचायचा नाद होता, पण पुस्तक विकत घेऊन किंवा घरी नेऊन वाचायला वेळ कुठला. त्या घडी घालता घालता वाचत. घडी न घातलेल्या कागदावर पहिल्या पानाशेजारी सोळावं असतं आणि वरच्या ओळीत आठवं नि नववं उलटं, डोकं खाली पाय वर. वहिनी ते तसंच वाचायच्या. त्यामुळे त्यांना गोष्टीत आधी लग्न कळायचं, मग भांडण, मग ओळख. उलटी अक्षरं त्या सुलट्यांइतक्याच भराभर वाचतात. एकदा मालक त्यांच्यासमोर बसून एक पत्र वाचत होते, तर वहिनी टेबलाच्या पलीकडून म्हणाल्या की तिसऱ्या ओळीतली तारीख चुकली आहे. त्या दिवसापासून मालक त्यांच्यासमोर खासगी पत्रं उघडत नाहीत.

गोष्टीची सुरुवात टेलिफोनच्या यादीपासून झाली. बारा वर्षांपूर्वी ते एक मोठं काम आलं होतं. दोन महिने नुसती नावं आणि आकडे. घड्या घालताना वाचायला काही नाही. चौथ्या दिवशी वहिनी कंटाळल्या आणि टेबलावर तोंडी गोष्ट सांगायला लागल्या. एका डोंगराखाली सात मजली भुयार आहे. मजले वर जात नाहीत, खाली जातात. तळाला खजिना आहे आणि वाटेत राक्षस, अजगर, आपोआप मिटणारे दरवाजे. एक देखणा तरुण तलवार घेऊन आत शिरतो.

इथे मावशीने पट्टी खाली ठेवली आणि विचारलं, "या पोराला घरी कुणी विचारणारं नाही का? कुठे निघालास, कधी येशील, काही नाही?"

बाकीच्या दोघी हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी गोष्ट तिथेच थांबवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली घडी घालताना सांगितलं की तो तरुण आत गेला आणि परत आलाच नाही. त्याच्याआधी बेचाळीस जण गेले होते, तेही आले नाहीत. तेव्हा त्याची आत्या निघाली. वय पंचावन्न, दोन्ही गुडघे धरलेले, हातात कापडी पिशवी. पिशवीत एक दिवा, सुईदोरा, खाऊचा डबा आणि पोराचं विसरलेलं स्वेटर. तलवार नाही. भुयाराच्या पायऱ्या उंच होत्या, म्हणून आत्याबाई बसून बसून उतरल्या. एकेक पायरी.

मग जी गोष्ट सुरू झाली ती बारा वर्षं चालली आहे. पहिल्या दरवाजावर तीन तोंडांचा पहारेकरी असतो. जो येईल त्याला तो कोडं घालतो आणि उत्तर चुकलं की गिळतो. आत्याबाई त्याला म्हणतात, कोडी नंतर, आधी सांग तू कुणाचा, आणि तीन तोंडांतलं जेवतं कोणतं? त्याला असं कधी कुणी विचारलेलं नसतं. मधलं तोंड जेवतं, डावं नुसतं बोलतं आणि उजवं बरेच दिवस उपाशी आहे, हे सांगता सांगता तो रडायला लागतो. आत्याबाई उजव्या तोंडाला डबा उघडून देतात, डाव्याला गप्प बस म्हणतात आणि पुढे जातात. दुसऱ्या मजल्यावर त्यांना अकरा वीर सापडतात. त्यांना कुणी गिळलेलं नसतं. खजिना मिळाला नाही, आता रिकाम्या हाताने घरी कोणत्या तोंडाने जायचं म्हणून ते एका खोलीत लपून बसलेले असतात, कुणी चार वर्षं, कुणी नऊ. आत्याबाई अकराही जणांची अशी काही खरडपट्टी काढतात की ते रांगेने वर चालू लागतात.

यंत्रावरचे भावजी या गोष्टीकडे लक्ष नसल्याचं दाखवत. वहिनी दिरांना भावजी म्हणतात, म्हणून टेबलावरच्या सगळ्याच त्यांना भावजी म्हणतात. यंत्र आणि टेबल यांच्यात एक लाकडी पडदी आहे. गोष्टीला रंग चढला की यंत्र बंद पडायचं. शाई भरायची आहे, पट्टा सैल झालाय, कागद अडकलाय, असं काहीतरी पडदीआडून ऐकू यायचं. एका वर्षी यंत्र बंद राहण्याचा वेळ फार वाढला म्हणून मालकांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने यंत्र पूर्ण उघडून पाहिलं आणि यात काहीही बिघाड नाही असं लिहून दिलं. तो कागद आजही माझ्या फायलीत आहे.

घरी मात्र ही गोष्ट पोचली नव्हती. वहिनींचे यजमान पाणीपुरवठ्यात आहेत. पहाटे चारला उठून गल्लोगल्ली नळांचे व्हॉल्व्ह सोडायचे, हे त्यांचं काम. रात्री आठला ते झोपलेले असतात. बोलणं कमी. वहिनींनी गोष्ट वहीत उतरवायला घेतली ती मावशीच्या हट्टामुळे. मावशीचे डोळे उतरत चालले होते आणि तिने मालकांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं होतं की मला दिसतंय तोवर ही गोष्ट मला पुस्तकात बघायची आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघा. मालक हसले, विचारात पडले आणि तीन दिवसांनी हो म्हणाले. दुसऱ्या कामांतून उरलेला कागद वापरायचा, यंत्र रिकामं असेल तेव्हा छापायचं, तीनशे प्रती काढायच्या. शहराच्या वाचनालयात महिन्याच्या पहिल्या शनिवारी वाचकांची बैठक असते, तिथे पुस्तक न्यायचं.

"वाचनालयाने घेतलं तर दुसरा भाग नव्या कोऱ्या कागदावर काढू," मालक वहिनींना म्हणाले. "नाही घेतलं तर या तीनशे रद्दीत जातील. मग तुम्ही रागावायचं नाही आणि मी हळहळायचं नाही."

वहिनींनी सात वह्या लिहिल्या. पहिल्या भागाच्या वह्या त्यांनी यजमानांसमोर ठेवल्या. त्यांनी दर रविवारी एक याप्रमाणे त्या वाचून काढल्या, बऱ्यावाईटाबद्दल अक्षर बोलले नाहीत आणि शेवटी एकच सांगितलं. गोष्टीत आत्याबाई आधी पूल ओलांडतात आणि मग पलीकडच्या खोल विहिरीत दिवा घेऊन उतरतात. यजमान म्हणाले, "एवढ्या खोल विहिरीत दिवा टिकत नाही. आम्ही आधी कंदील सोडून बघतो. तो विझला की माणसाला उतरू देत नाही."

वहिनी दोन दिवस विचार करत होत्या. दिवा विहिरीत विझणार असेल तर पुढचा सगळा प्रवास अंधारात. मग पूल अंधारात ओलांडला तर? पूल दिसायला इतका मोडका की उजेडात पाहणारा कुणीही त्यावर पाय ठेवत नाही. अंधारात पायाने चाचपत जाणाऱ्याला मात्र तो पक्का लागतो. बेचाळीस वीर मशाली घेऊन आले म्हणून अडले, आत्याबाई दिवा विझल्यामुळे पार झाल्या. वहिनींनी दोन्ही प्रकरणं नव्याने लिहिली आणि विहीर आधी, पूल नंतर असं केलं. टेबलावर दहा वर्षं त्यांनी ते उलट क्रमाने सांगितलं होतं. पण नव्याने ऐकल्यावर मावशीसुद्धा म्हणाली की तुझा नवरा न बोलता बरंच बोलतो.

पुस्तक छापून झालं. नऊ फर्मे, एकशे चव्वेचाळीस पानं. कागद वेगवेगळ्या कामांतला, त्यामुळे काही फर्मे दुधाळ, काही पिवळसर. कागद लहान पडल्याने समासही अगदी बारीक ठेवावा लागला. बुधवारी वहिनींनी स्वतः गठ्ठे मांडले. त्या दिवशी त्या नवी साडी नेसून आल्या होत्या आणि कुणाचं लक्ष नसताना एकेका गठ्ठ्यावर तळहात फिरवत होत्या. बुधवारी फर्मे उचलले, शिलाई झाली, गुरुवारी खळ लागली, मुखपृष्ठ चढलं, तिन्ही कडा कापल्या. शुक्रवारी सकाळी तीनशे प्रती टेबलावर रचून ठेवल्या होत्या.

अकराच्या चहाला भावजी एक प्रत घेऊन पडदीआड गेले. आधीचा भाग तोंडपाठ असल्याने त्यांनी तो नुसता चाळला असणार, कारण वीस मिनिटांत ते बाहेर आले. यंत्र बंद होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "आत्याबाईंचा दिवा कधी विझला?"

"विहिरीत," वहिनी म्हणाल्या.

"विहीर अजून आलीच नाही. मी पुलावर आहे आणि इथे लिहिलंय की दिवा मघाशीच विझला."

वहिनींनी त्यांच्या हातून पुस्तक घेतलं. पान चौसष्ट. पुढचं पान एक्क्याऐंशी. त्यांनी दुसरी प्रत उघडली, मग तिसरी, मग ढिगाच्या मधली एक, मग तळाची. सगळीकडे चौसष्टनंतर एक्क्याऐंशी. सहावा फर्मा पाचव्याच्या जागी आणि पाचवा सहाव्याच्या. एरवी गठ्ठे मांडताना त्या फर्म्याच्या पहिल्या पानाखाली छापलेला आकडा बघत. बुधवारी त्यांनी आकडा बघितला नव्हता. गोष्ट आपलीच, म्हणून वरच्या ओळी वाचून गठ्ठे लावले होते आणि हातांनी दहा वर्षं तोंडी सांगितलेला जुना क्रम लावला. आधी पूल, मग विहीर. तपासायला कुणीच नव्हतं, कारण वहिनींचं काम तपासायची पद्धत नव्हती.

त्या खुर्चीवर बसल्या. मावशीने पाणी दिलं. ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

मालक आले, मीही गेलो. शिलाई उसवून पुन्हा बांधता येईल का, यावर बोलणं झालं. बांधता आलं असतं, पण पुन्हा बांधल्यावर कडा पुन्हा कापाव्या लागतात आणि समास इतका बारीक होता की दुसऱ्या कापणीत ओळींची शेवटची अक्षरं गेली असती. नव्याने छापायला कागद उरला नव्हता. आणि वाचनालयाच्या ग्रंथपालबाई सगळ्या शहराला माहीत होत्या. पुस्तक हातात आलं की त्या आधी अंगठ्याने पानांचे आकडे बघत आणि मागेपुढे असलेलं पुस्तक त्याच पावली परत पाठवत. आमचीच दोन पुस्तकं त्यांनी पूर्वी परत केलेली होती. तेव्हा चूक यंत्राची होती, टेबलाची नव्हती, हे भावजींनी आत्ता स्वतःहून सांगितलं. वहिनींना बरं वाटावं म्हणून.

मालकांनी सुचवलं की शेवटी एक शुद्धिपत्र छापून लावू. पान ६५ ते ८० कृपया अमुक ठिकाणी वाचावे, असं काहीतरी. मावशी म्हणाली की शुद्धिपत्र आजवर कुणी वाचलंय का, मी एकतीसशे चिकटवली असतील, एक वाचलं नाही.

वहिनींनी विचारलं, "शेवटी कशाला? जिथे वाट चुकते तिथेच लावायला पाहिजे ना?"

"तिथे काय लिहिणार?" मालकांनी विचारलं.

"आत्याबाईंनाच विचारते," वहिनी म्हणाल्या आणि हातातलं पाणी एका दमात प्यायल्या.

पुस्तकात वाट तीन ठिकाणी चुकत होती. चौसष्टनंतर, ऐंशीनंतर आणि शहाण्णवनंतर. वहिनींनी तीन चिठ्ठ्या लिहिल्या, उभ्याउभ्या, कापलेल्या कागदाच्या पट्टीवर. पहिली अशी होती: "थांब. पूल दिसतोय ना समोर? त्याच्याकडे बघू नकोस, तो कुठे पळून जात नाही. आधी विहिरीत उतरायचंय. सोळा पानं सोड, तिथे पासष्टावं पान आहे. मी पुढे होते, तू ये. तुझी आत्या."

दुसरी: "विहीर झाली. आता मागे फिर. हो, मागेच. माझे गुडघे असे असून मी फिरतेय, तुला काय धाड भरलीय? पान एक्क्याऐंशी."

तिसरी: "आलास का पूल ओलांडून? की आलीस? अंधारात दिसत नाही. समोर जी विहीर आहे ती आपली झालेली आहे, पुन्हा पडू नकोस. उडी मारून सत्त्याण्णववर ये."

भावजींनी मुखपृष्ठातून उरलेल्या पिवळ्या कागदावर चिठ्ठ्या छापल्या. वाजले होते साडेबारा. पहिली छापून आली तेव्हा मावशीने ती चष्म्याजवळ धरून मोठ्याने वाचली आणि टेबलावर इतका हशा झाला की मालक केबिनमधून पुन्हा बाहेर आले. नऊशे चिठ्ठ्या, प्रत्येकीच्या कडेला खळीचं एक बोट आणि पानांच्या बेचक्यात चिकटवायची. चौघी बसल्या, भावजी बसले, जेवणाच्या सुट्टीत मीही दोनतीन डझन लावल्या. त्यातली एक उलटी लागली, ती मावशीने सगळ्यांना दाखवून मग सुधारली. पाच वाजता शेवटची प्रत वजनाखाली ठेवली.

शनिवारी सकाळी दहाला आम्ही वाचनालयात पोचलो. वरच्या मजल्यावरच्या सभागृहात साठसत्तर माणसं होती. निवृत्त शिक्षक, दवाखान्यातल्या दोन परिचारिका, कॉलेजच्या मुली, वर्तमानपत्र वाचायला येऊन तिथेच राहिलेले काही गृहस्थ. आमच्या ठरल्याप्रमाणे मालक ग्रंथपालबाईंशी बोलणार होते. पण वहिनी सरळ त्यांच्या टेबलाशी गेल्या. आम्ही मागे.

"पुस्तकात पानं मागेपुढे झाली आहेत," वहिनी म्हणाल्या. "माझ्याच हातून. तुम्हाला आकडे बघून कळेलच, म्हणून आधी सांगते."

मालकांनी डोळे मिटले. ग्रंथपालबाईंनी चष्मा नाकावर ओढला, पुस्तक घेतलं, अंगठ्याने पानं सोडली. चौसष्टवर अंगठा थांबला. त्यांनी पिवळी चिठ्ठी वाचली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. सोळा पानं सोडून त्यांनी पासष्ट काढलं आणि उभ्याउभ्याच वाचायला लागल्या.

सव्वादहा झाले. बैठक दहाची होती. सभागृहात खुर्च्या सरकल्याचे आवाज यायला लागले. मालकांनी हळूच विचारलं की सुरुवात करायची का.

"थांबा," ग्रंथपालबाई मान वर न करता म्हणाल्या, "मी विहिरीत आहे."

भावजींना हसू आवरेना, ते जिन्यात जाऊन हसून आले. साडेदहाला ग्रंथपालबाई पुलापलीकडे आल्या, तिसरी चिठ्ठी वाचली, सत्त्याण्णववर गेल्या आणि मगच पुस्तक मिटलं. वहिनींच्या दोन्ही हातांची बोटं पदरात गुंतलेली होती.

ग्रंथपालबाईंनी शांतपणे सांगितलं की नियम त्यांनीच केलेला आहे आणि तो का केला हेही त्यांना ठाऊक आहे. वाचणाऱ्याला पुढचं पान सापडलं नाही की त्याचा विरस होतो, म्हणून सदोष प्रत परत करायची. "मला प्रत्येक पान सापडलं," त्या म्हणाल्या. "हात धरून नेलं मला. मग यात परत काय करू?" आणि सहा शाखांसाठी प्रत्येकी दोन अशा बारा प्रतींची पावती करायला त्यांनी शिपायाला सांगितलं.

वहिनींनी मावशीचा दंड घट्ट धरला. मावशी म्हणाली, अगं सोड, हाड मोडेल माझं, आणि स्वतःच डोळे पुसत होती.

सभागृहात मग ग्रंथपालबाईंनीच साठाव्या पानापासून वाचून दाखवलं. लोकांच्या हातात प्रती वाटल्या होत्या. चौसष्टावं पान संपलं, त्यांनी पहिली चिठ्ठी आत्याबाईंच्या थाटात वाचली आणि साठसत्तर माणसांनी एकदम सोळा पानं उलटली. तो आवाज मी विसरणार नाही. पत्र्यावर पाखरांचा थवा उतरावा तसा. दुसऱ्या चिठ्ठीला, "तुला काय धाड भरलीय"ला, निवृत्त शिक्षकांपैकी एकजण इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

वाचन संपल्यावर एका परिचारिकेने हात वर केला आणि विचारलं की वाचणाऱ्याला असं मागेपुढे फिरवायची कल्पना लिहिणाऱ्या बाईंना सुचली कशी. सगळे वहिनींकडे वळले. वहिनी उठल्या. मालक त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होते की आता कृपा करून काहीही छान सांगा.

"कल्पना नाही," वहिनी म्हणाल्या. "बुधवारी मी गठ्ठे चुकीचे मांडले. शुक्रवारी दिरांनी चूक पकडली. ते गेली बारा वर्षं ही गोष्ट ऐकत नाहीत."

सगळं सभागृह भावजींना शोधू लागलं. ते शेवटच्या रांगेत मुखपृष्ठाआड बसले होते. तेव्हा ज्या टाळ्या झाल्या, त्या कुणासाठी होत्या हे सांगणं अवघड आहे.

बारा वाजेपर्यंत वाचकांनी, कुणी एक तर कुणी शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी तीनचार अशा, एकशे चाळीस प्रती घरी नेल्या. उरलेल्या पुढच्या तीन आठवड्यांत दुकानांनी मागवल्या. रद्दीत एकही गेली नाही. मावशीने एक प्रत उशाशी ठेवली आहे आणि ती रोज दोन पानं वाचते, संपू नये म्हणून. वहिनींच्या यजमानांनी आपली प्रत पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नेली. तिथले सगळे आता विहिरीचा भाग एकमेकांना वाचून दाखवतात आणि त्यात यजमानांचा काय वाटा आहे हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही. ते वहिनींनी सांगितलं, एकदा डबा द्यायला गेल्या तेव्हा.

दुसरा भाग गेल्या महिन्यात निघाला, नव्या पांढऱ्या कागदावर, रुंद समासाचा. आत्याबाई आता चौथ्या मजल्यावर आहेत. भाचा अजून सापडलेला नाही, पण त्याने टाकलेल्या शेंगांची टरफलं सापडली आहेत, त्यामुळे पोरगं खातंपितं आहे एवढं कळलं. या वेळी मांडणी वहिनींनी केली आणि तपासली भावजींनी. ते टेबलाच्या कडेने तीनदा चालले, प्रत्येक गठ्ठ्याचा आकडा मोठ्याने वाचत. वहिनी बाजूला कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि झालं का, झालं का, असं विचारत होत्या.

पुस्तक बाहेर पडल्यावर आठवड्याभरात ग्रंथपालबाईंचा निरोप आला. सहाही शाखांतून एकच तक्रार होती. पुस्तक छान आहे, पण चिठ्ठ्या कुठे आहेत? एका वाचकाने प्रत बदलून मागितली होती, आपल्याला सदोष प्रत मिळाली असं समजून.

मालक लगेच म्हणाले की पुढच्या भागात दोन फर्मे मुद्दाम मागेपुढे करू. वहिनींनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, चूक झाली तर निस्तरीन, पण चूक करायला मी मांडणी करणार नाही, एकतीस वर्षं त्यासाठी नाही घालवली. यावर बराच वेळ वाद झाला आणि मालक हरले. पण वाचनालयाला नाराजही करायचं नव्हतं. शेवटी वहिनींनी एक पिवळी चिठ्ठी लिहून दिली, जी दुसऱ्या भागाच्या शिल्लक सर्व प्रतींत चौसष्टाव्या पानावर चिकटवली आहे:

"पुढचं पान पासष्ट आहे. सरळ ये. या वेळी सगळं जागेवर आहे, माझ्या दिरांनी तीन वेळा तपासलंय. तरीही कुठे वाट चुकली तर मला विचारू नकोस, त्यांना विचार. ते पडदीआड बसलेले असतात आणि त्यांना काही ऐकू येत नाही."